धान्यत्याग आणि व्यायामशक्ती : 'पॅलिओ' व अल्पकर्बोदक आहाराचा निर्णय कसा करावा?

गेल्या काही वर्षांत चिकित्सालयात येणाऱ्या रुग्णांच्या प्रश्नांचे स्वरूप पालटले आहे. पूर्वी रुग्ण 'पथ्य काय?' असे विचारीत असे. आता तो पथ्य स्वतः ठरवून येतो आणि त्यास आपली केवळ संमती हवी असते. "डॉक्टर, भाकरी-भात सोडलाय, चालेल ना?" हा त्यातील नित्याचा प्रश्न. विचारणारा स्थूल व बैठ्या व्यवसायातील असल्यास उत्तर त्या मानाने सोपे असते. परंतु रोज पहाटे दहा किलोमीटर धावणारा हाच प्रश्न विचारतो, तेव्हा एका शब्दात उत्तर देणे धोक्याचे ठरते. असे घाईचे उत्तर आम्ही स्वतः एकदा दिले होते. तो अनुभव व्यवसायबंधूंपुढे ठेवणे हाही या लेखाचा हेतू आहे.

दोन भिन्न आहार

रुग्ण ही दोन्ही नावे एकाच अर्थाने घेतात. वैद्याने तसे करू नये. 'पॅलिओ' म्हणजे शेतीपूर्व काळातील मानवाच्या आहाराचे अनुकरण. १९८५ मध्ये ईटन व कॉनर यांनी ही कल्पना वैद्यकीय नियतकालिकातून मांडली आणि २००२ मधील लॉरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ती लोकप्रिय केली. यात धान्ये, कडधान्ये, दुग्धजन्य पदार्थ व साखर वर्ज्य. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळे व कंद ग्राह्य. रताळे, सुरण चालत असल्याने हा आहार अल्पकर्बोदक असेलच असे नाही. मात्र शाकाहारी मराठी कुटुंबात भाकरी, आमटी आणि ताक एकाच वेळी गेल्यावर ताटात प्रथिनांसाठी फारसे काही उरत नाही.

अल्पकर्बोदक आहाराची परंपरा १८६३ मधील लंडनच्या विल्यम बँटिंग यांच्या पत्रापर्यंत मागे जाते. १९७२ मध्ये अ‍ॅटकिन्स यांनी तिला नवे रूप दिले. तिचे अतिकठोर रूप म्हणजे 'कीटो'. ते १९२१ मध्ये अपस्माराच्या चिकित्सेसाठी योजले गेले होते, क्रीडापटूंसाठी नव्हे.

श्रम करणाऱ्या शरीराचे इंधन

स्नायूंत सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवले जाते. मंद गतीच्या श्रमात मेदाचा वापर अधिक होतो. श्रमाची तीव्रता वाढते तसतसे शरीर ग्लायकोजेनवर अधिकाधिक अवलंबून राहते. १९८३ मध्ये स्टीफन फिनी यांनी पाच सायकलपटूंना चार आठवडे कीटोजन्य आहार दिला. मध्यम गतीने सायकल चालवण्याचा त्यांचा सरासरी काळ घटला नाही. याउलट लुईस बर्क यांनी २०१७ मध्ये चालण्याच्या शर्यतीतील उच्च दर्जाच्या खेळाडूंचा अभ्यास केला. अल्पकर्बोदक गटात मेदज्वलन पुष्कळ वाढले. परंतु त्याच गतीसाठी प्राणवायू अधिक लागू लागला. सरावाने इतर गटांची कामगिरी सुधारली, या गटाची सुधारली नाही. २०२० मध्ये पुन्हा केलेल्या अभ्यासातही असेच आढळले.

तात्पर्य, मेदावर चालणे शरीरास शिकवता येते. मेदावर घाट वेगाने चढणे त्यास महाग पडते.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात दशविध परीक्ष्य भाव सांगताना आहारशक्ती व व्यायामशक्ती लागोपाठ सांगितल्या आहेत. एकीचा निर्णय दुसरीवाचून करू नये, असे आम्ही यातून समजतो. वाग्भटाचार्यांनी व्यायाम बलवान व स्निग्धभोजी व्यक्तीसाठी, अर्धशक्तीने आणि मुख्यतः शीत व वसंत ऋतूंत सांगितला आहे. आमचे निरीक्षण असे की, रुग्ण भाकरी सोडतात, पण तूप वाढवण्यास भितात. मग आहार ना अल्पकर्बोदक राहतो ना पॅलिओ. ते केवळ लंघन होते. लंघन आणि अतिव्यायाम एकत्र आल्यास वातप्रकोप ठरलेला.

प्रमेहातही शास्त्राने सरसकट धान्यत्याग सांगितलेला नाही; यव, जुनी धान्ये व मूग यांची योजना केली आहे. स्थूल-बलवान आणि कृश-दुर्बल असे प्रमेहींचे दोन प्रकार करून पहिल्यास शोधन व दुसऱ्यास बृंहण सांगितले आहे.

आमचा अनुभव

साताऱ्यात २०१२ पासून यवतेश्वरच्या घाटातून अर्धमॅरेथॉन होते. तिचा सराव ऐन पावसाळ्यात, म्हणजे अग्नी व बल दोन्ही क्षीण असताना चालतो. अशाच एका जून महिन्यात पंचेचाळिशीचे एक प्रमेही गृहस्थ आमच्याकडे आले. स्थूल देह, नवा उत्साह, धान्य पूर्ण बंद करण्याचा निश्चय. प्रमेह आहे, मेद आहे, व्यायाम आहे. आम्ही तत्काळ संमती दिली. रुग्णपत्रावर आमच्या अक्षरात 'मधुमेहाच्या गोळ्या चालू' एवढीच नोंद आहे. कोणत्या गोळ्या, हे आम्ही विचारले नव्हते.

पाचव्या आठवड्यात ते मळमळ, वांती, पोटदुखी व अतिशय थकवा घेऊन आले. रक्तशर्करा १९० होती. ती फार वाढलेली नाही असे पाहून, वर्षा ऋतूतील अजीर्ण समजून आम्ही पाचन योग लिहून दिला. शेजारच्या औषधालयाच्या मालकांना मात्र बाकावर बसलेल्या या गृहस्थांचा श्वास अस्वाभाविक जलद वाटला. त्यांनी चालू औषधे विचारली. खिशातून डॅपाग्लिफ्लोझिनची पट्टी निघाली आणि त्यांनी तत्काळ आम्हांस दूरध्वनी केला. रुग्णालयात तपासणी झाली तेव्हा रक्तात कीटोन प्रचंड वाढले होते. तीन दिवस अतिदक्षता विभागात काढून ते सुखरूप घरी आले.

या गटातील औषधे शर्करा मूत्रावाटे बाहेर टाकतात. त्यामुळे शर्करा फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्येच तशी सूचना दिली होती. धान्यत्याग, अतिश्रम व वांतीमुळे होणारा जलक्षय हा धोका वाढवतात. त्या दिवशी निदान आमचे चुकले होते. ते औषधालयाच्या बाकावर सुधारले गेले.

निर्णयाचा क्रम

तेव्हापासून आम्ही पुढील क्रम पाळतो.

१. प्रथम औषधे. नावानिशी नोंद घ्यावी. ग्लिफ्लोझिन गटातील औषध चालू असताना कठोर धान्यत्यागास संमती देऊ नये. इन्सुलिन वा ग्लिमेपिराइडसारखी औषधे चालू असल्यास शर्करा एकाएकी उतरण्याचे भय असते. मात्रेतील बदल संबंधित चिकित्सकाकडूनच करवून घ्यावा.

२. नंतर श्रमाचे स्वरूप. चालणे, योगासने, सावकाश सायकल चालवणे यांस मर्यादित धान्य पुरते. कुस्ती, कबड्डी, वेगाची वा लांब पल्ल्याची धाव यांस धान्य हवेच. ते श्रमाच्या आधी-नंतरच्या जेवणात द्यावे आणि विश्रांतीच्या दिवशी कमी करावे.

३. रुग्णबल. कृश, वातप्रकृती, गर्भिणी, वृक्कविकारी यांना कठोर वर्जन नको. व्यायाम करणाऱ्या स्त्रीची पाळी लांबली वा थांबली, तर आहार अपुरा पडत असल्याची शंका प्रथम घ्यावी.

४. पादांशिक क्रम. आधी साखर, मैदा व बेकरीचे पदार्थ. मग रात्रीचा भात. सरावानंतरची ज्वारीची भाकरी सर्वांत शेवटी, तीही आवश्यकता असेल तरच. महिन्याने वजनासोबत निद्रा, मलप्रवृत्ती, उत्साह आणि नेहमीच्या अंतरास लागणारा वेळ पाहावा. वजन उतरले पण पाय जड झाले, तर तो लाभ मानू नये.

औषधालयचालकांस विनंती

धान्य सोडलेल्या रुग्णास अवलेह किंवा आसव-अरिष्ट देताना त्यांतील साखर-गुळाची जाणीव द्यावी. शक्य तेथे चूर्ण, वटी वा क्वाथ यांविषयी वैद्यास विचारावे. प्रथिनांचे डबे नेणाऱ्या व्यायामपटूस 'मधुमेहाची कोणती गोळी घेता?' हा एक प्रश्न अवश्य विचारावा. चिठ्ठी लिहिणाऱ्या वैद्याकडून तो राहून गेलेला असू शकतो. आमच्याकडून राहिला होता.