कुचिंतेची चिंता

सिंगापूर नदीवरच्या कॅव्हेना पुलापाशी ब्राँझची चिमुकली मांजरं बसवलेली आहेत. पर्यटक फोटो काढतात, पोरं पाठीवरून हात फिरवतात. हे शहराचं लाडकं मांजर, सिंगापुरा. १९९१ साली तिथल्या पर्यटन मंडळाने त्याला आपलं बोधचिन्ह केलं आणि नाव दिलं ‘कुचिंता’. मलय भाषेत कुचिंग म्हणजे मांजर आणि चिंता म्हणजे प्रेम. मराठी कानाला ‘चिंता’ वेगळीच ऐकू येते, पण हे मांजर पाळणाऱ्याच्या वाट्याला दोन्ही अर्थ येतात.

ज्या शहराने मांजराचे पुतळे उभारले, त्याच शहराच्या सरकारी सदनिकांत, म्हणजे जिथे बहुसंख्य लोक राहतात तिथेच, १९८९ पासून मांजर पाळायला बंदी होती. ती उठली १ सप्टेंबर २०२४ रोजी. आता घरटी दोन मांजरं ठेवता येतात, मात्र त्यांना परवाना हवा आणि कातडीखाली मायक्रोचिप हवी.

या जातीची गोष्ट कागदपत्रांपासून सुरू होते आणि कागदपत्रांतच अडकते. १९७५ साली हॅल आणि टॉमी मेडो हे अमेरिकी जोडपं सिंगापूरहून घरी परतलं, ते तीन तपकिरी मांजरं घेऊन. ही तिथल्या रस्त्यांवर, गटारांच्या आसऱ्याने राहणारी अस्सल देशी जात, असं त्यांनी सांगितलं. अमेरिकेतल्या कॅट फॅन्सिअर्स असोसिएशनने १९८२ साली तिची नोंदणी सुरू केली. पुढे १९८७ मध्ये एक ब्रीडर आणखी मांजरांच्या शोधात सिंगापूरला गेला, तर तिथल्या दप्तरात वेगळंच निघालं. ती तिन्ही मांजरं १९७४ साली अमेरिकेतूनच सिंगापुरात आली होती! मेडो यांचा खुलासा असा की आधी सिंगापूरहून अमेरिकेला पाठवलेल्या मांजरांची ही नातवंडं. असोसिएशनने चौकशी केली आणि जातीचा दर्जा कायम ठेवला. वाद मात्र मिटला नाही. बर्मीज आणि ॲबिसिनियन यांच्या संकरातून हे मांजर घडवलं, असं मानणारे आजही आहेत.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात सिंगापुराची बर्मीजशी फार जवळीक दिसली. या जातीतली जनुकीय विविधता अगदीच तोकडी, हेही त्यातून दिसलं. वाद कोण जिंकलं यापेक्षा मालकाच्या खिशाशी संबंध आहे तो या दुसऱ्या गोष्टीचा. मूठभर पूर्वजांपासून वाढलेल्या घराण्यात एखादा दोष शिरला, की तो फिरून फिरून समोर येतो.

दिसायला मात्र दृष्ट लागावी असं. नावात सिंह असला तरी मादी जेमतेम दोन किलोंची, नर तीनच्या आसपास. एक केस चिमटीत धरून उजेडात पाहिला तर त्यावर फिकट आणि गडद असे आळीपाळीने पट्टे दिसतात. टोक गडद, मूळ फिकट. त्यामुळे सगळ्या अंगावर वाळूवर ऊन पडल्यासारखी झाक येते. निगा म्हणाल तर सोपी, कारण केस आखूड आणि तलम. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश फिरवला की झालं. ऊब लागते आणि माणूस लागतो. दिवसभर कुलूपबंद घरात एकटं राहणं या मांजराला मानवत नाही. आणि उंच कपाटाचा, पडद्याच्या दांडीचा मोह त्याला कधीच आवरत नाही, म्हणून बहुमजली इमारतीत खिडक्यांना जाळी हवीच.

खरी काळजी रक्ताची. पायरुवेट कायनेज या विकराची, म्हणजे एन्झाइमची, उणीव सिंगापुरात आढळते. ते नसलं की तांबड्या पेशी वेळेआधी फुटतात आणि मांजर अधूनमधून निस्तेज होतं. जाणता मालक अंगठ्याने वरचा ओठ हलकेच उचलून हिरड्या पाहतो. गुलाबी असतील तर ठीक. मळलेल्या कणकेसारख्या पांढुरक्या दिसल्या, तर थेट डॉक्टर. आई-बाप दोघेही दिसायला ठणठणीत पण दोष वाहणारे असले, तर प्रत्येक पिल्लाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवून केलेल्या साध्या डीएनए चाचणीत हे आधीच कळतं. हळूहळू दृष्टी नेणाऱ्या डोळ्याच्या पडद्याच्या एका आजारासाठीही अशी चाचणी आहे. सुरुवातीच्या काही माद्यांना प्रसूतीत कळाच पुरेशा येत नसत, सिझेरियन करावं लागे. ब्रीडर मंडळी त्याकडे अजून लक्ष ठेवून असतात.

आता विमा. पाळीव प्राण्यांचा विमा ब्रिटनमध्ये चांगलाच रुळलेला आहे, म्हणून उदाहरण तिथलं घेऊ. सर्वांत स्वस्त पॉलिसी फक्त अपघाताची. त्यावर मुदतबंद पॉलिसी: एका आजाराचा खर्च साधारण बारा महिने, पुढे तो आजार कायमचा बाहेर. काहींमध्ये मुदत नसते, पण प्रत्येक आजाराला रकमेची मर्यादा असते. सर्वांत महाग ती आजीवन पॉलिसी. हिच्यात रकमेची मर्यादा दरवर्षी नूतनीकरण केलं की पुन्हा भरते. आयुष्यभर चालणाऱ्या आजाराची शक्यता असलेल्या जातीला हीच उपयोगाची. स्वस्तातली घेऊन दुसऱ्या वर्षी पस्तावणं महाग पडतं.

हिशेब असा. समजा, बिल १,००० पौंडांचं झालं. त्यातले पहिले १०० पौंड ‘एक्सेस’ म्हणून मालकाचे. उरलेल्या ९०० वर २० टक्के वाटा पुन्हा मालकाचा (मांजर म्हातारं झालं की ही अट बऱ्याचदा येते), म्हणजे १८०. कंपनी देणार ७२०.

पण गोम आहे ‘आधीपासूनचा आजार’ या शब्दांत. विमा काढण्याआधी, किंवा सुरुवातीच्या काही दिवसांच्या प्रतीक्षाकाळात, लक्षण दिसलेलं असेल तर दावा गेलाच. नाव न लागलेलं लक्षणही धरलं जातं. डॉक्टरांच्या नोंदीत ‘हिरड्या फिकट’ एवढे दोन शब्द पुरतात. आनुवंशिक आजार काही कंपन्या घेतात, काही सरळ वगळतात. बाळंतपण आणि लसीकरण बहुतेक पॉलिसींत नसतंच. मांजर हरवलं वा चोरीला गेलं तर भरपाई खरेदीच्या किमतीइतकी, तीही पावती असेल तर. तेव्हा पिल्लू घरी आणण्याआधी ब्रीडरकडून आई-बापाचे डीएनए अहवाल मागून घ्यावेत आणि विमा पहिल्याच आठवड्यात, तब्येत धडधाकट असताना काढावा. लसीची तारीख चुकवली तर त्याच रोगाचा दावा अडतो, हेही पॉलिसीच्या बारीक अक्षरांत असतं.

भारतातही काही सर्वसाधारण विमा कंपन्या आता मांजरांचा विमा उतरवतात. अर्ज भरताना तिथेही सांगावं लागतं, मांजर कोणत्या जातीचं.

सिंगापूरच्या गल्लीत आजही कुणाला तशीच तपकिरी, मोठ्या डोळ्यांची भटकी मांजर दिसते, तो तिला उचलून घरी आणतो, चिप बसवतो, परवाना काढतो. वंशावळीचा कागद तिच्यापाशी नसतो. त्यामुळे अर्जातल्या जातीच्या रकान्यात तिच्यासाठी ‘डोमेस्टिक शॉर्टहेअर’ असंच लिहिलं जातं.