सहवासाची भाषा : खलापूर, कुपवाड, साउथहॉल

सत्तरच्या दशकातली गोष्ट. ब्रिटनमधल्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांसाठी उपाहारगृह होतं आणि तिथे भारत-पाकिस्तानातून आलेल्या काही बायका वाढपाच्या कामावर नव्याने लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत त्यांच्याविषयी कुरकुर सुरू झाली. माल चढवणारे-उतरवणारे कामगार म्हणू लागले, की या बायका तुसड्या आहेत. पर्यवेक्षकांचंही तेच मत. बायकांना वाटे, आपल्याला मुद्दाम वेगळं वागवलं जातंय. वास्तविक काउंटरवर दोन्ही बाजूंमध्ये मोजकेच शब्द बोलले जात.

भाषाभ्यासक जॉन गम्पर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे बोलणं ध्वनिमुद्रित केलं. ताटात मटण घेतलेल्या गिऱ्हाइकाला इंग्रज वाढपी विचारायची, ‘ग्रेव्ही?’ तिचा सूर शेवटी वर जायचा. आपल्याकडच्या बायका तोच शब्द सूर खाली आणून म्हणायच्या, ‘ग्रेव्ही.’ इंग्रज कानाला हा प्रश्न वाटतच नसे. ‘ही ग्रेव्ही आहे, घ्यायची तर घ्या’ असं काहीतरी ऐकू येई. या फिती दोन्ही बाजूंना ऐकवल्या. बायकांना आधी दोन्हींत फरकच जाणवला नाही, कारण त्यांच्या बोलण्याच्या सवयीत खाली येणारा सूर हा विचारण्याचाच सूर होता. फरक लक्षात आल्यावर इतके दिवस लोक आपल्याशी असे का वागतात याचा त्यांना उलगडा झाला. पर्यवेक्षकांनाही कळलं, की यात उद्धटपणा कुठेच नव्हता.

गम्पर्झ यांच्या 1982 सालच्या ‘डिस्कोर्स स्ट्रॅटेजीज’ या पुस्तकातलं हे उदाहरण जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवलं जातं. मात्र या संशोधनाची वाट आपल्याच दोन खेड्यांतून गेली होती, त्यातलं एक सांगली जिल्ह्यातलं होतं, हे मराठी वाचकांच्या फारसं कानावर आलेलं नाही.

गम्पर्झ यांचा जन्म 1922 सालचा, जर्मनीतल्या ज्यू कुटुंबातला. नाझी राजवटीत देश सोडावा लागला आणि 1939 मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. पदवी रसायनशास्त्रातली होती, पण ओढ भाषेची. मिशिगनमध्ये स्थायिक झालेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या तिसऱ्या पिढीची बोली हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. 1954 मध्ये डॉक्टरेट मिळाली आणि त्याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठाच्या एका प्रकल्पावर ते भारतात आले. ज्या गावात ते राहिले, ते उत्तर प्रदेशातल्या सहारनपूर जिल्ह्यातलं गाव संशोधनात ‘खलापूर’ या नावाने ओळखलं जातं.

त्याच वर्षांत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुमित्र मंगेश कत्रे यांच्या पुढाकाराने आणि रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने भाषाविज्ञानाची उन्हाळी वर्गसत्रं भरत होती. परदेशी अभ्यासक येऊन शिकवत आणि भारतातल्या अनेक विद्यापीठांतले तरुण अध्यापक या वर्गांतून तयार होऊन आपापल्या गावी परतत. गम्पर्झ आणि भाषाभ्यासक चार्ल्स फर्ग्युसन हे दोघेही याच वर्तुळातले. दोघांनी मिळून संपादित केलेला दक्षिण आशियातल्या भाषिक विविधतेवरचा ग्रंथ 1960 मध्ये आला.

खलापुरात गम्पर्झ यांना एक कोडं पडलं. गावात जातींची उतरंड कडक होती. दलित जातींची माणसं रोज सवर्णांच्या शेतात राबत, काही बायका रोज त्यांच्या घरी सफाईला जात. दिवसाचे कितीतरी तास एकमेकांचं बोलणं दोघांच्याही कानावर पडत असे. तरीही दलित वस्त्यांची बोली उरलेल्या गावापेक्षा वेगळी ती वेगळीच राहिली होती. 1958 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात गम्पर्झ यांनी याचं उत्तर दिलं : कामापुरता आलेला संबंध बोली बदलायला पुरत नाही. बोली जुळते ती मैत्रीत, रिकाम्या वेळच्या गप्पांत आणि बरोबरीच्या उठबशीत. आणि जात नेमकी हीच उठबस नाकारते.

एका गावाच्या अभ्यासातून निघालेला हा निष्कर्ष गम्पर्झ यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया ठरला.

त्यानंतरचं गाव कुपवाड. आज सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेत गेलेलं, औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जाणारं हे ठिकाण त्या काळी सुमारे तीन हजार वस्तीचं शेतकरी गाव होतं. तिथल्या जैनांची घरची भाषा कानडी. लिंगायत कारागिरांचीही कानडीच. मुसलमान उर्दू बोलत. दलित आणि भूमिहीन मजूर मराठी बोलत, तर दोर वळणाऱ्या काही कुटुंबांत तेलुगू चाले. कानडी आणि उर्दू बोलणारे समाज तिथे कित्येक शतकं शेजारी नांदत होते. गावातल्या बहुतेक सगळ्या पुरुषांना एकाहून जास्त भाषा येत आणि बोलता बोलता ते सहज एकीतून दुसरीत जात.

गम्पर्झ आणि त्यांचे सहलेखक रॉबर्ट विल्सन यांनी एका निबंधात या भाषांतली वाक्यं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा भाषाविज्ञानाच्या जगाला धक्का बसला. कुपवाडचा मराठी माणूस म्हणे, ‘पाला जरा कापून घेऊन आलो.’ उर्दू बोलणारा म्हणे, ‘पाला जरा काट के ले के आया.’ कानडी बोलणारा म्हणे, ‘तपला जरा खोदि तगोंडि बैन.’ शब्द तीन भाषांचे, वाक्याचा सांगाडा मात्र हुबेहूब एक. एका वाक्यातला एकेक तुकडा काढून त्या जागी दुसऱ्या भाषेतला तुकडा बसवावा आणि वाक्य तयार व्हावं, इतकी ही जुळणी नेमकी होती.

ही जुळणी वरवरची नव्हती, ती व्याकरणात खोलवर गेलेली होती. उत्तरेकडच्या उर्दूत नदी ‘आयी’, कुपवाडच्या उर्दूत मात्र नदी ‘आया’. कानडीत लिंगभेद माणसांपुरता असतो, निर्जीव वस्तू आणि नद्या-डोंगर यांना तो नसतो. शेकडो वर्षांच्या शेजाराने उर्दूने ही पद्धत उचलली होती. उलट, प्रमाण कानडीत ‘हे तुमचं घर’ एवढ्यावर वाक्य पुरं होतं, ‘आहे’ लागत नाही. कुपवाडच्या कानडीत मराठी-उर्दूसारखा ‘आहे’ येऊन बसला होता. मराठी-उर्दू एका भाषाकुळातल्या, कानडी वेगळ्या कुळातली. पण बाजारात, शेतात, चावडीवर रोज एकमेकांशी बोलायचं असल्यामुळे सगळ्यांनी वाक्याचा एकच साचा स्वीकारला होता. प्रत्येक भाषेचं व्याकरण निराळं डोक्यात वागवण्यापेक्षा हे सोपं होतं.

मग या चार भाषांची मिळून एकच भाषा का झाली नाही?

खलापूरच्या कोड्याची ही दुसरी बाजू. कुपवाडमध्ये सार्वजनिक जागा सगळ्यांची होती, पण उंबऱ्याच्या आतलं जग प्रत्येक समाजाने वेगळं राखलं होतं. शब्द, प्रत्यय, नात्यांची नावं यांत घरची ओळख जपली जात होती. दोन समाजांची माणसं एकत्र आली की बहुधा मराठीत बोलत. गावातल्या दोन्ही मोठ्या जमीनदार गटांपैकी कुणाचीच ती घरची भाषा नव्हती, म्हणूनच ती दोघांनाही चालण्यासारखी होती. कामाने व्याकरण जवळ आणलं, पण जाती-धर्माच्या भिंतींनी शब्द वेगळे ठेवले.

कुपवाडवरचा हा निबंध डेल हाइम्स यांनी संपादित केलेल्या आणि केंब्रिजने 1971 मध्ये काढलेल्या मिश्रभाषांवरच्या ग्रंथात प्रसिद्ध झाला. ग्रंथामागची परिषद 1968 मध्ये जमैकात भरली होती. त्याच ग्रंथात फ्रँकलिन साउथवर्थ यांचा मराठीच्या उगमावरचा निबंधही आहे. आर्य आणि द्राविड भाषा बोलणाऱ्यांच्या जुन्या सरमिसळीतून मराठी घडली असावी का, असा प्रश्न त्यांनी मांडला. कॅरिबियन बेटावर झालेल्या मिश्रभाषांच्या चर्चेत मराठीशी निगडित दोन निबंध असावेत, ही आपल्या भाषेच्या इतिहासात नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

पुढे डेक्कन कॉलेजच्या सोनल कुलकर्णी-जोशी यांनी कुपवाडचा पुन्हा अभ्यास केला. त्यांचा निबंध 2015 मध्ये आला. भाषावार राज्यरचनेनंतर गावाचं भाषिक गणित बदललं होतं. मराठी आता केवळ मधली सोयीची भाषा राहिली नव्हती. ती राज्याची, शाळेची आणि सरकारी कामकाजाची भाषा झाली होती आणि तिचं वजन त्या मानाने वाढलं होतं. जुन्या निबंधातलं समतोल बहुभाषिकतेचं चित्र कायमचं नव्हतं, हे या अभ्यासाने दाखवून दिलं. माणसं कुणाबरोबर आणि कोणत्या नात्याने राहतात हे बदललं की त्यांची भाषाही बदलते.

गम्पर्झ यांनी पुढे शाळेतल्या वर्गांकडे लक्ष वळवलं. अमेरिकेतल्या एका पहिलीच्या वर्गाचं उदाहरण ते देतात. शिक्षिका एका कृष्णवर्णीय मुलाला शब्द वाचायला सांगते. तो म्हणतो, ‘मला माहीत नाही.’ शिक्षिकेला वाटतं, याला प्रयत्नच करायचा नाही. ती दुसऱ्या मुलाकडे वळते, त्याने अक्षराविषयी विचारलेल्या शंकेला उत्तर देते आणि तो मुलगा शब्द वाचतो. पहिल्या मुलाचा सूर मात्र शेवटी वर गेला होता. कृष्णवर्णीय समाजातल्या श्रोत्यांना हे ऐकवलं तेव्हा त्यांनी त्याचा अर्थ सांगितला : मला जरा धीर द्या, मी करतो. शिक्षिका वाईट नव्हती. तो सूर ओळखायला जो सहवास लागतो, तो तिच्या वाट्याला आलेला नव्हता. अशा प्रसंगांची वर्षभर भर पडत गेली की मुलगा ‘कच्चा’ ठरतो.

याच विषयाचं एक मोठं काम महाराष्ट्रात झालं आहे. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलीतल्या सामाजिक भेदांवर अभ्यास करून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं आणि फलटणमध्येच मराठी माध्यमाची कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. घरी पुस्तकी मराठी न बोलणाऱ्या मुलांना वाचायला कसं शिकवावं, हा त्यांच्या कामाचा गाभा राहिला. मुलाची घरची बोली चुकीची ठरवून नव्हे, तर तिचा आधार घेऊन प्रमाण लेखी भाषेपर्यंत पोहोचायचं, ही दिशा त्यांनी अनेक शिक्षकांना दाखवली.

आता पुन्हा ब्रिटनमधल्या कामाच्या जागी जाऊ. लंडनच्या साउथहॉल भागात औद्योगिक भाषाप्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र होतं. टॉम जप आणि सेलिया रॉबर्ट्स तिथे स्थलांतरित कामगारांबरोबर काम करत. त्यांच्या शिकवण्यात एक बाब वेगळी होती. केवळ कामगारांना इंग्रजी शिकवून ते थांबत नव्हते, मुकादम आणि पर्यवेक्षकांनाही ऐकायला शिकवत. गम्पर्झ यांच्यासह त्यांनी केलेला ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम 1979 मध्ये बीबीसीवर लागला. त्यात नोकरीच्या मुलाखतीचा नमुना होता. ‘ही नोकरी तुम्हाला का हवी?’ असं विचारल्यावर भारतीय उमेदवार आपलं शिक्षण आणि आधीच्या नोकऱ्या सांगत बसतो. मुलाखत घेणाऱ्याला या जागेविषयी ऐकायचं असतं. दोघेही आपापल्या रीतीप्रमाणे बरोबर वागतात आणि नोकरी मात्र दुसऱ्याला मिळते.

गम्पर्झ अशा सुरांना, विरामांना, जोर देण्याच्या पद्धतींना संदर्भखुणा मानत. बोलणाऱ्याचा हेतू ऐकणारा या खुणांवरून ओळखतो. या खुणा व्याकरणाच्या पुस्तकात सापडत नाहीत, त्या घरात आणि सोबत्यांत अंगवळणी पडतात. शिवाय शब्द चुकला तर आपण म्हणतो, याला भाषा येत नाही. खूण चुकली तर म्हणतो, माणूस उर्मट आहे, आळशी आहे, आतल्या गाठीचा आहे. भाषेतल्या फरकाचा दोष असा थेट स्वभावाच्या माथी जातो.

या मांडणीवर टीकाही झाली, आणि त्यात एक मराठी नाव आहे. ‘एलीट प्लुरॅलिझम अँड क्लास रूल’ हे महाराष्ट्राच्या राजकारणावरचं महत्त्वाचं पुस्तक लिहिणारे जयंत लेले यांनी राजेंद्र सिंह आणि गीता मार्तोहार्जोनो यांच्यासह 1988 मध्ये ‘लँग्वेज इन सोसायटी’ या नियतकालिकात लेख लिहिला. सगळं खापर सांस्कृतिक फरकावर फोडलं तर सत्तेची असमानता झाकली जाते, असा या टीकेचा रोख आहे. साहेबाला कामगाराचा सूर कळत नाही, तेव्हा तो समजून घेण्याची सक्ती साहेबावर कधीच नसते. नोकरी जाते ती कामगाराची. रॉबर्ट्स आणि जप यांनीही पुढे एव्हलिन डेव्हिस यांच्यासह लिहिलेल्या पुस्तकाला ‘लँग्वेज अँड डिस्क्रिमिनेशन’ असं नाव दिलं. तोवर गैरसमजाबरोबर भेदभावाचा प्रश्नही त्यांच्या कामात पुढे आला होता.

ही टीका रास्त आहे, आणि तिचं बीज गम्पर्झ यांच्याच खलापूरच्या निबंधात आहे. ज्यांना बरोबरीने बसू दिलं जात नाही, त्यांचं बोलणं चुकीचं वाचलं जातं आणि तेच कारण पुढे करून त्यांना पुन्हा दूर ठेवलं जातं.

महाराष्ट्रात हा प्रश्न आज दारोदार उभा आहे. नंदुरबारच्या पाड्यावर भिली बोलणारं मूल प्रमाण मराठीच्या वर्गात गप्प बसतं. विदर्भ-मराठवाड्यातला तरुण पुण्यातल्या मुलाखतीत ‘व्यक्तिमत्त्व’ या रकान्यात मागे पडतो. बांधकामावर मराठी मुकादम आणि बिहारी मजूर, दवाखान्यात शहरी डॉक्टर आणि कातकरी बाई रोज समोरासमोर येतात. राज्य मराठी विकास संस्था आणि डेक्कन कॉलेज यांनी मराठी बोलींचं सर्वेक्षण केलं आहे. त्यात गावोगावच्या बोलण्याचे नमुने ध्वनिमुद्रित होऊन सर्वांसाठी खुले झाले आहेत. हे काम मोलाचं आहे. त्याला जोड हवी ती शाळांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत, दवाखान्यांत माणसं एकमेकांशी प्रत्यक्ष कशी बोलतात याच्या अभ्यासाची. शिक्षकांच्या, परिचारिकांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात असे ध्वनिमुद्रित प्रसंग एकत्र बसून ऐकण्याचा तास असायला हवा. मुलाखत घेणाऱ्यांना तर तो सक्तीचा करावा. आपल्या विद्यापीठांच्या मराठी आणि भाषाविज्ञान विभागांनी हे काम हाती घ्यावं आणि शासनाने त्यासाठी पैसा उभा करावा.