आयरिस आणि वेखंड

श्रोतेहो, एप्रिल-मे महिन्यांत काश्मीरात गेलात, तर तिथल्या जुन्या कबरस्तानांत पांढऱ्या नि जांभळ्या फुलांचे ताटवे दिसतील. तेच आयरिस. मी एकदा तिथून चार गड्डे आणले, हळदीसारखे खोल पुरले, रोज पाणी घातले. आषाढात उकरून पाहतो तो सगळा लगदा! चूक माझीच. या गड्ड्याची पाठ उन्हात उघडी राहावी लागते; मातीत जायची ती फक्त मुळे. शिवाय कडक थंडीवाचून तो नीट फुलत नाही. आपल्या देशावर त्याचा हट्ट धरू नये, असे माझे मत.

ओळखायचा कसा? फुलाच्या तीन पाकळ्या उभ्या, तीन खाली झुकलेल्या. झुकलेल्या पाकळीवर केसांची पट्टी, जणू दाढीच, असली तर ती कोरडी जमीन मागणारी जात. सायबेरियन नि जपानी आयरिसला दाढी नसते. त्यांना ओल हवी. खाली कांदा निघाला, तर बहुधा डच आयरिस.

गुरुजींना एक सांगायचे आहे. आपल्याकडच्या वेखंडाची पाने तशीच तलवारीसारखी, गड्डाही तसाच आडवा, तेव्हा गल्लत होते. वेखंडाचे पान चुरगळले की उग्र वास सुटतो. फूल म्हणाल तर कणसासारखा नुसता दांडा. घरोघर वेखंड उगाळायची चाल, म्हणून ही गल्लत साधी नव्हे. आयरिसचा गड्डा पोटात गेला, तर ओकाऱ्या नि जुलाब होतात.