फेफरे आणि लग्नाची बोलणी

लग्नाच्या बोलण्यांत मुलीला फेफरे येते ही गोष्ट जितकी दडवली जाते तितकी क्वचितच दुसरी कोणती. ती उघडकीस येऊ नये म्हणून सासरी गेल्यावर कित्येक मुली गोळ्या घेणे सोडतात आणि झटका नेमका तेव्हाच येतो. मग दोष नशिबाला! वास्तविक फेफरे, म्हणजे वैद्यकातील अपस्मार, हा मेंदूचा विकार आहे. मेंदूतील पेशींचे विद्युत्-संदेश काही काळ अनावर होतात व झटका येतो. ते वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, संसर्गजन्यही नव्हे. योग्य औषध नियमित घेतल्यास दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात. औषध एकाएकी सोडणे मात्र धोक्याचे. मूल व्हावयाच्या आधी औषध बदलावे लागेल काय, हेही डॉक्टरांस विचारावे.

कायद्यानेसुद्धा या रोग्यांवर अन्यायच केला होता. १९७६ च्या दुरुस्तीने हिंदु विवाह कायद्यात वारंवार येणारे फेफरे विवाहास बाधक ठरले. १९९९ मध्ये ते शब्द गाळण्यात आले. बोलणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांस हे अजून ठाऊक नसते.

आणि भर मांडवात कोणास झटका आला तर? नाकाशी कांदा वा जोडा धरू नये, तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबू नयेत. टणक वस्तू दूर साराव्या, डोक्याखाली उपरण्याची घडी द्यावी, जमेल तसे कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबले नाही तर तडक इस्पितळ गाठावे. पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नये. डोळे उघडताच माणूस ओशाळतो, म्हणून भोवतालची गर्दी आधी हटवावी.