नोंदींची देवघेव

शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदांची वृत्ते वाचताना आपले लक्ष भाषणांकडेच जाते. आमच्या मते परिषदेचे खरे फळ निराळे असते : कोणती नोंद कोणत्या वेळी, कोणत्या मापाने घ्यावी व ती कोणास द्यावी, याविषयीची संमती.

१८८२-८३ व १९३२-३३ ही दोन ‘ध्रुववर्षे’ सर्वांनी मिळून पाळली होती. तिसऱ्याची कल्पना ५ एप्रिल १९५० रोजी वॉशिंग्टनजवळ जेम्स व्हॅन ॲलन यांच्या घरी, भोजनोत्तर गप्पांत लॉइड बर्कनर यांनी मांडली. तिचेच पुढे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष झाले : १ जुलै १९५७ ते ३१ डिसेंबर १९५८. (वर्ष अठरा महिन्यांचे कसे, हे विद्यार्थी विचारतीलच!) शीतयुद्ध ऐन भरात असतानाही नोंदींचा एक संच अमेरिकेत, एक सोव्हिएत संघात व तिसरा इतर राष्ट्रांत विभागून ठेवावा, असे ठरले.

४ ऑक्टोबर १९५७ च्या सायंकाळी, या कार्यासाठी वॉशिंग्टनला जमलेली मंडळी सोव्हिएत वकिलातीत मेजवानीस गेली असता स्पुतनिकची वार्ता येऊन थडकली. बर्कनर यांनीच ती जाहीर करून यजमानांचे अभिनंदन केले. शर्यतीत मागे पडलेल्याने केलेले हे अभिनंदन आम्हांस तेथील साऱ्या निबंधांहून मोलाचे वाटते.

त्याच वर्षाच्या कार्यक्रमात, मार्च १९५८ मध्ये, चार्ल्स कीलिंग यांची हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर हवेतील कार्बन डायऑक्साइडची मोजणी सुरू झाली. तेव्हा दहा लाख भागांत तो सुमारे ३१३ भाग होता. भूभौतिकी वर्ष संपले, मोजणी मात्र चालू राहिली. आता तो आकडा ४२० च्या पुढे गेला आहे.