'बरळणे' : नियतकालिकांच्या गद्यातील एक उक्तिवाचक क्रियापद

दुसऱ्याचे बोलणे कळविण्यासाठी मराठीत 'म्हणणे', 'सांगणे', 'बोलणे' ही रंगहीन क्रियापदे आहेत. त्यांच्याभोवती 'उद्गारणे', 'गरजणे', 'पुटपुटणे', 'ठणकावणे' असा दुसरा वर्ग आहे. तो उक्तीबरोबर तिचा आवाज वा आवेशही कळवितो. 'बरळणे' याच वर्गात मोडते. परंतु ते आवाजाचे वर्णन करीत नाही, बोलणाऱ्याच्या बुद्धीविषयी निकाल देते.

झोपेत, तापाच्या भरात किंवा नशेत असंबद्ध बोलणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यात कर्त्याच्या इच्छेचा भाग नाही. म्हणूनच 'मी तापात काय काय बरळलो?' हा प्रश्न स्वाभाविक वाटतो, आणि 'मला उद्या बरळायचे आहे' हे वाक्य विनोदी ठरते. 'तो काहीबाही बरळला' येथे कर्म असूनही भूतकाळी कर्तरी प्रयोग होतो. 'त्याने ठणकावले', 'त्याने सुनावले' असा 'ने' येथे लागत नाही. मात्र या प्रयोगाचे कारण इच्छेच्या अभावात शोधू नये, कारण शुद्धीवर असलेला मनुष्यही 'बोलला'च असतो.

'निबंधमाला' (१८७४), 'केसरी' (१८८१) आणि 'सुधारक' (१८८८) यांच्या काळात मराठी वादपर गद्य घडले. संमतिवयाच्या कायद्यासारख्या (१८९१) प्रश्नावर लिहिणाऱ्याला प्रतिपक्षाचे म्हणणे सांगावे लागे आणि त्याच दमात खोडावेही लागे. अशा लेखनाला 'बरळणे'सारखे क्रियापद फार सोयीचे. एकाच शब्दात दोन्ही कामे उरकतात. त्याच्या दोन रचना वेगळ्या काढणे अगत्याचे आहे. (पुढील वाक्ये नमुन्यादाखल रचलेली आहेत.)

पहिली रचना : 'अध्यक्ष सभेत वाटेल ते बरळले.' येथे उक्तीची जागा 'वाटेल ते', 'काहीबाही', 'नाही नाही ते' अशा शब्दांनी घेतली आहे. अध्यक्ष काय बोलले हे वाचकाला कळतच नाही. दुसरी रचना : '“ही करवाढ न्याय्य आहे,” असे अध्यक्ष सभेत बरळले.' येथे उक्ती टिकून आहे, पण वाक्य आतून दुभंगले आहे. अवतरणातले विधान सुसंगत आणि तपासण्याजोगे. क्रियापद मात्र त्याला वातातील बडबड ठरविते. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाचकाने विधान आधी वाचलेले असते आणि निकाल मागाहून येतो. तेवढ्या अवकाशात त्याला स्वतःचे मत करता येते. 'अध्यक्ष बरळले की...' ही रचना कानाला खटकते. 'की' पुढे विचारार्ह विधान येणार असे सुचविते, आणि क्रियापदाने ते आधीच अमान्य केलेले असते.

आदरार्थी अनेकवचनाचा उपयोगही पाहण्यासारखा आहे. 'रावबहादूर बरळला' ही उघड शिवी. 'रावबहादूर बरळले' यात शिष्टाचार पाळून केलेला उपहास आहे. 'अकलेचे तारे तोडले', 'मुक्ताफळे उधळली' हे वाक्प्रचार याच घराण्यातले. ते आपला उपहास लपवीत नाहीत. 'बरळले' मात्र 'म्हणाले'च्याच जागी बसते आणि वृत्तांताच्या वेषात खपून जाते.

जुन्या अंकांवरून एखाद्या व्यक्तीची मते शोधणाऱ्या अभ्यासकाला हा भेद निर्णायक आहे. टिपण घेताना 'बरळले'चे 'म्हणाले' केले, तर संपादकाचा निकाल पुसला जातो. जसेच्या तसे ठेवून संदर्भ गाळला, तर तो निकालच वस्तुस्थिती म्हणून पुढे चालतो. पहिल्या रचनेतले वाक्य उक्तीच्या आशयाचा पुरावा होऊच शकत नाही. त्यासाठी सभेचा स्वतंत्र वृत्तांत किंवा प्रतिपक्षाचे पत्र गाठावे लागते. दुसऱ्या रचनेतही अवतरणचिन्हांवर फार भिस्त ठेवता येत नाही, कारण क्रियापद शोभावे म्हणून उक्ती वाकविण्याचा मोह मोठा असतो. यास्तव या शब्दाची नुसती गणती न करता रचनावार गणती करावी.

आजच्या मथळ्यांत पहिली रचना आणखी आखूड झालेली दिसते : 'अमुक नेते पुन्हा बरळले'. 'वाटेल ते' एवढे नाममात्र कर्मही येथे गळाले आहे, आणि 'पुन्हा' या एका अव्ययाने मागील बरळणेही सिद्ध झाल्याचे गृहीत धरले आहे.