बुळकांडीचा माग

आर्वी, आष्टी, कारंजा हा गवळाऊ गुरांचा मुलूख. पांढरीशुभ्र, चपळ, झपाझप चालणारी ही जात नंदा गवळ्यांनी डोंगरकुरणांवर जोपासली. वर्ध्याच्या काळ्या मातीत वखर-डवरे याच बैलांनी ओढले. इथे बुळकांडी, म्हणजे गुरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग, गोठ्यात शिरली की खरीपच हातचा जाई.

रोग ओळखायचा तो जनावराचं तोंड उघडून. आधी सणसणीत ताप, डोळ्या-नाकातून पाणी. मग ओठांच्या आत, हिरड्यांवर कोंडा चिकटल्यासारखे ठिपके, त्यांची कातडी सुटून जखमा, शेवटी घाण वासाची हगवण. बहुतेक जनावरं आठ-दहा दिवसांत संपत. वाचलेल्याला मात्र हा रोग जन्मात पुन्हा होत नसे, आणि विषाणूही उघड्यावर फार टिकत नसे. त्याचं हेच दुबळेपण पुढे कामी आलं.

1871 मध्ये सरकारी आयोगाने देशभरच्या गुरांच्या साथींचा अहवाल दिला. 1889 मध्ये पुण्यात प्रयोगशाळा निघाली; 1893 मध्ये ती कुमाऊंच्या मुक्तेश्वरला गेली. तिथे 1920 च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी विषाणू शेळ्यांमधून पुन्हा पुन्हा नेऊन सौम्य केला. ही लस गवळाऊसारख्या देशी गुरांना सोसे; संकरित गाई मात्र तिने आजारी पडत. त्यांच्यासाठी पुढे वॉल्टर प्लोराइट यांची पेशीसंवर्धनावरची लस आली.

1954 मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. साथी ओसरल्या, विषाणू काही हटेना. शेवटचा डाव धाडसाचा होता: लस थांबवायची. लसीमुळेही रक्तात प्रतिपिंडं तयार होतात. त्यामुळे लस चालू असेतो खरा संसर्ग वेगळा ओळखू येत नाही. लस थांबल्यावर जन्मलेल्या वासरांच्या रक्तात ही प्रतिपिंडं सापडली, तरच विषाणू फिरतोय असं समजायचं. गावोगाव फिरून आजारी जनावरांची चौकशी करणारे, रक्ताचे नमुने गोळा करणारे कर्मचारी हे या लढाईचे खरे मानकरी, असं मला ठामपणे वाटतं. शास्त्रज्ञांची नावं राहिली, त्यांची कुणी लिहून ठेवली नाहीत.

भारतातली शेवटची साथ 1995 ची. 2006 मध्ये देश आणि 2011 मध्ये सारं जग बुळकांडीमुक्त जाहीर झालं. देवीनंतर माणसाने पृथ्वीवरून घालवलेला हा दुसराच रोग.

2022 मध्ये लम्पी या गुरांच्या त्वचारोगाने महाराष्ट्रातले गोठे पुन्हा हादरवले. म्हणून पशुपालकांना कळकळीची विनंती: बाजारातून आणलेलं जनावर काही दिवस वेगळं बांधा, आणि तापलेलं गुरू दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.